सायक्लोन घेऊ का? घरच्या सुतारकामाची धूळ आणि बदलापूरहून आलेला एक प्रश्न

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय. आकडे मात्र लिहिताना पुन्हा मांडून, तपासून घेतलेत.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेलवरून केलाय. ते बदलापूरला राहतात, नोकरी मुंबईत. शनिवार-रविवारी घरच्या तळमजल्यावर सुतारकाम करतात. रो-हाऊस आहे, खोली १० बाय १२ फुटांची. टेबल सॉ आहे, छोटं रंधा मशीन आहे, सँडर आहे, ट्रिमर आहे. ते लिहितात, "सायक्लोन बसवायचा आहे. एक एचपीचा घेऊ की दोन एचपीचा? तयार घेऊ की पत्र्याचा बनवून घेऊ?" आणि मेलच्या शेवटी, जाता जाता लिहावं तशी एक ओळ आहे: "वरच्या खोलीत वडील झोपतात, त्यांना दमा आहे."

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. एचपीचं उत्तर मी देणारच आहे, पण त्या ओळीपासून सुरुवात करून. कारण जमीन स्वच्छ ठेवायची असेल तर एक यंत्र लागतं, आणि हवा स्वच्छ ठेवायची असेल तर वेगळा विचार लागतो.

माझी चूक आधी सांगतो

मी पहिल्यांदा घेतलं ते एका कापडी पिशवीचं यंत्र. खाली चाकं, वर पिशवी फुगते, बाजूला चार इंची तोंड. घेतलं आणि खूश झालो. रंधा मशीनचे छिलके गायब, टेबल सॉखालचा भुसा गायब. झाडू मारायला काही उरेना. पण संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर पिवळसर थर असायचाच, आणि घशात खवखव. म्हटलं हवा बदलली असेल.

मग एकदा वीज गेली. काम नुकतंच थांबवलं होतं. बॅटरी पेटवली आणि तिच्या झोतात बघतो तर सगळी खोली धुक्यासारखी भरलेली, आणि सगळ्यात दाट धुकं कुठे, तर त्या पिशवीभोवती! जाड भुसा पिशवी धरत होती आणि पिठासारखी बारीक धूळ विणीतून आरपार जात होती. म्हणजे मी जमिनीवरची धूळ गोळा करून, गाळून, त्यातली सगळ्यात वाईट तेवढी हवेत सोडत होतो. वर बिलही भरत होतो.

ही बॅटरीची युक्ती लक्षात ठेवा. पैसे लागत नाहीत. काम करताना दिवे मालवा, झोत आडवा धरा आणि तुम्ही प्रकाशाच्या दिशेने, पण थेट डोळ्यांवर येणार नाही असे उभे राहा. साध्या उजेडात न दिसणारी धूळ दिसते. फक्त अंधारात मशीन हाताळू नका. मशीन दुसऱ्या कुणाला चालवायला सांगू नका. सँडर बंद करून लगेच बघा, तेवढं पुरतं.

बारीक धूळ म्हणजे नक्की किती?

आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा. भुसा त्याहून जाड. तो नाकातच अडकतो किंवा खाली पडतो. दहा मायक्रॉनच्या खालचे कण छातीत उतरू शकतात. आणि ते खाली पडतच नाहीत म्हटलं तरी चालेल. पाण्याइतक्या घनतेचा दहा मायक्रॉनचा कण अगदी स्थिर हवेत दोन मीटर खाली यायला ११ मिनिटं घेतो. एक मायक्रॉनचा कण तेवढ्याच उंचीवरून यायला साधारण १६ तास. आणि आपल्याकडे स्थिर हवा असते कुठे? डोक्यावर पंखा असतोच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, १९९५च्या अहवालात लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींमध्ये. मुख्यतः नाकाच्या पोकळीचा आणि त्यालगतच्या सायनसचा. इथे घाबरवायचं नाहीये. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही, आणि तो पुरावा बराचसा वर्षानुवर्षं फर्निचरच्या कारखान्यांत राबलेल्या कामगारांचा आहे. शनिवार-रविवारच्या सुताराचा हिशेब वेगळा. पण दमा, शिंका, खाज यांना वर्षं लागत नाहीत. सागवानाच्या आणि शिसवाच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, हे जुन्या सुतारांना कुठल्याही अहवालाशिवाय माहीत आहे. एमडीएफमध्ये तर लाकडाबरोबर फॉर्मल्डिहाइडचा डिंकही असतो.

आता एक हिशेब करू. युरोपात कामाच्या जागी कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला दोन मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस एक मिलिग्रॅमची. आपल्या श्रोत्यांची खोली १० बाय १२, उंची १० फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. दोनने गुणा. ६८ मिलिग्रॅम. भाजीत घालतो त्या चिमूटभर मिठापेक्षाही कमी. एवढी बारीक धूळ हवेत तरंगत असली की खोली त्या मर्यादेला पोचली. एका टेबलटॉपला सँडर फिरवलात तर धूळ किती निघते, ते तुम्हीच आठवा.

म्हणून "माझा सायक्लोन ९८ टक्के भुसा पकडतो" या वाक्याला भुलू नका. तो टक्का वजनाचा असतो. वजन असतं छिलक्यांत. दमा असतो उरलेल्या दोन टक्क्यांत.

मग सायक्लोन करतो काय?

सायक्लोन म्हणजे वर गोल डबा आणि खाली निमुळती होत गेलेली शंकू. हवा बाजूने, कडेला चिकटून आत शिरते, गरगर फिरते. जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जातात, भिंतीवरून घसरत खालच्या ड्रममध्ये पडतात. हवा मध्यातून वर वळते आणि वरच्या नळीतून निघून जाते. ताक घुसळताना मध्ये खळगा पडतो ना, डोळ्यांसमोर काहीसं तसंच आणा. यात हलणारा भाग एकही नाही. कल्पनाही जुनी. अमेरिकेत १८८५ साली याचं पेटंट निघालं. जेम्स डायसनला पिशवीशिवायच्या व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सुचली ती लाकडाच्या कारखान्यावरचा असलाच मोठा सायक्लोन बघून.

पण बारीक धूळ हलकी असते. ती भिंतीपर्यंत पोचायच्या आत हवेबरोबर वर निघून जाते. म्हणजे सायक्लोन तुमचं फुप्फुस वाचवत नाही, तो तुमचा फिल्टर वाचवतो. फुप्फुस वाचवतो तो फिल्टर, किंवा खोलीबाहेर जाणारा पाइप. सायक्लोन नसेल तर चांगला फिल्टर तासाभरात तुंबतो, हवा कमी होते, मशीनपाशी ओढ राहत नाही आणि धूळ मोकळी सुटते. म्हणून सायक्लोन हवा. पण एकटा सायक्लोन नको.

दोन घराणी, एकमेकांत मिसळू नका

पहिलं घराणं व्हॅक्यूम क्लीनरचं. दाब जास्त, हवा कमी. नळी बारीक, ३५ ते ५० मिलिमीटरची. सँडर, ट्रिमर, हातातला कटर, जिगसॉ यांना हेच लागतं, कारण त्यांची तोंडंच तेवढी असतात. याला मध्ये छोटा प्लॅस्टिकचा सायक्लोन बादलीवर बसवतात.

दुसरं घराणं ब्लोअरचं. हवा भरपूर, दाब कमी. नळी चार ते सहा इंची. टेबल सॉ, रंधा मशीन, बँडसॉ यांना हे लागतं.

चार इंची ब्लोअरला रेड्युसर लावून सँडरची नळी जोडली तर काही ओढत नाही. व्हॅक्यूमला मोठा पाइप लावून टेबल सॉला जोडला तरी तेच. दोन्ही वेळा माणूस म्हणतो, "सायक्लोन बेकार निघाला." बेकार जोडणी असते.

आता निवडीचा पहिला नियम: खोलीतली सगळ्यात बारीक धूळ कोण उडवतं ते आधी बघा. रंधा मशीन ढीगभर छिलके काढतं, पण ते जाड असतात. सँडर मूठभरच काढतो, पण सगळं पीठ. आपल्या श्रोत्यांना म्हणूनच माझं पहिलं सांगणं हे: पहिले पैसे सँडरच्या व्हॅक्यूमवर घाला, मोठ्या सायक्लोनवर नंतर. व्हॅक्यूम घेताना युरोपीय मानकातला एम वर्ग लिहिलेला मिळाला तर तो बघा. त्यात धुळीचा हजारातला एकाहून कमी भाग आरपार जायला परवानगी असते. एल वर्गात शंभरात एकापर्यंत.

मोठा सायक्लोन घ्यायचाच तर: पाइपपासून सुरुवात करा

लोक एचपी विचारतात. मी म्हणतो, पाइप विचारा. भुसा पाइपात न साचता वाहून जायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात ते सांडपाण्याचे एसडब्ल्यूआर पाइप, ११० आणि १६० मिलिमीटरचे. या वेगाने ११० च्या पाइपातून तासाला साधारण ६०० घनमीटर हवा जाते, म्हणजे ३६० सीएफएम. १६० मधून तासाला १,३०० घनमीटर, म्हणजे ७७० सीएफएम. पाइपाचा व्यास दीडपट, हवा दुपटीहून जास्त.

या हवेला सायक्लोन, पाइप, बेंड आणि फिल्टर ओलांडायचे तर दाब लागतो. तो २०० मिलिमीटर पाणी धरू, म्हणजे साधारण २,००० पास्कल. हवा गुणिले दाब केलं की निव्वळ ताकद निघते, आणि पंखा त्यातली निम्मीच कामाला लावतो. हिशेब केला तर ११० च्या पाइपाला साधारण एक एचपी येतं आणि १६० ला दोन एचपी. श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर हे. एचपी निवडायचा नसतो, तो पाइपावरून ठरतो. १६० चा पाइप आणि एक एचपी घेतलात तर भुसा पाइपातच बसून राहील. ११० चा पाइप आणि दोन एचपी घेतलात तर मोटर घशात बोळा कोंबल्यासारखी ओढत बसेल.

विकणारा जो सीएफएम सांगतो तो बहुतेक वेळा मोकळ्या तोंडाचा असतो, ना पाइप ना फिल्टर. त्याला एकच विचारा: "दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाण्याच्या दाबाला हवा किती?" उत्तर आलं तर पुढे बोला. भिंतीतला पात्यांचा एक्झॉस्ट फॅन हा दाब काढूच शकत नाही. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरच लागतो.

आणखी एक गंमत, जिने खूप जण फसतात. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे अमेरिकेचे. तिथली वीज ६० हर्ट्झची, मोटर मिनिटाला ३,४५० फेरे घेते. आपली ५० हर्ट्झची, तीच दोन पोलची मोटर २,८८० च्या आसपास फिरते. पंख्याचा नियम असा की हवा फेऱ्यांच्या प्रमाणात आणि दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे तोच पंखा इथे लावला तर हवा साधारण १७ टक्के कमी आणि दाब ३० टक्के कमी. तिथे बारा इंची पंखा सांगितला असेल तर तोच दाब मिळवायला इथे साडेचौदा इंचाच्या जवळ जावं लागतं. मोटरला ते झेपतंय ना, ते क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून बघा.

बनवून घ्यायचा तर

ही आपल्या पट्ट्याची चैन आहे. उल्हासनगरला पत्र्याचं काम करणारे आहेत, पाइप-फिटिंग आहे, फर्निचर बाजारामुळे सुतारी सामानाची दुकानंही आहेत. अंबरनाथच्या एमआयडीसीमुळे ब्लोअर, मोटर, ड्रम अशा वस्तूंची जुनी-नवी बाजारपेठ आसपास आहे. एका लोकलवर तीन स्टेशनं, सगळं सामान.

पत्रेवाल्याला द्यायला लॅपल नावाने ओळखलं जाणारं प्रमाण सोपं आहे. गोल डब्याचा व्यास एक धरा. हवा आत यायचं चौकोनी तोंड उंचीला अर्धा, रुंदीला पाव. वर जाणारी नळी अर्ध्या व्यासाची. डब्याची उंची दोन पट, शंकूची दोन पट. खालचं भोक पाव. १६० च्या पाइपासाठी ४०० मिलिमीटर व्यास धरला तर तोंडातून हवा सेकंदाला १८ मीटरने शिरते, ते ठीक. ११० साठी व्यास २७५ पुरतो.

पण ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन छत मोजा! ४०० चा सायक्लोन १६०० मिलिमीटर उंच होतो. खाली ड्रम ६००, वर ब्लोअर ४०० ते ५००. झाले २७०० च्या आसपास. आपली खोली १० फूट, म्हणजे ३०५० मिलिमीटर. बसतो, पण वर हात घालायला जागा उरते वीतभरच. ड्रम काढायची जागा आधी ठेवा, नाहीतर पहिल्यांदा भरला की यंत्र खोलूनच काढावा लागेल. ११० चा सायक्लोन ११०० मिलिमीटरचा. लहान खोलीत तोच शहाणपणाचा ठरतो.

ब्लोअर शक्यतो सायक्लोननंतर ठेवा. आधी ठेवला तर लाकडाचे तुकडे पंख्यावर आपटतात.

ड्रमबद्दल तीन गोष्टी, आणि तिन्ही मनावर घ्या.

एक, ड्रम हवाबंद हवा. सायक्लोनच्या तळाशी बाहेरून हवा शिरली तर पडलेली धूळ पुन्हा उचलली जाऊन थेट फिल्टरवर जाते. "सायक्लोन असूनही फिल्टर भरतो" या तक्रारीत आधी झाकणाचं रबर बघा.

दोन, ड्रम दबतो. २,००० पास्कल म्हटलं तर किरकोळ वाटतं. पण ५८ सेंटीमीटर व्यासाच्या ड्रमच्या झाकणावर तो भार ५४ किलोंचा होतो. व्हॅक्यूमचा दाब दहापट. नळी तुंबली तर ३० सेंटीमीटर व्यासाच्या बादलीच्या झाकणावर १४४ किलो. साधी रंगाची बादली कागदासारखी आत जाते. जाड बादली घ्या, किंवा पत्र्याचा डबा.

तीन, जुना निळा ड्रम घेताना त्यात आधी काय होतं ते विचारा. आपल्या भागात रासायनिक कारखाने आहेत. विकणाऱ्याला सांगता आलं नाही, लेबल खरवडलेलं असलं, वास येत असला, तर सोडून द्या. फुप्फुसासाठी यंत्र लावायचं आणि त्याच्याच पोटात विष ठेवायचं, असं व्हायला नको.

पाइप टाकताना ९० अंशांचा एक बेंड टाळा, ४५ चे दोन लावा. फांदी काढायला टी नको, वाय घ्या. स्प्रिंगची लवचीक नळी गुळगुळीत पाइपापेक्षा दोन-तीन पट अडवते. तिचा फक्त शेवटचा हातभर तुकडा. १० बाय १२ च्या खोलीत खरं तर सगळीकडे पाइप फिरवायची गरजच नाही. मशीनला चाकं लावा आणि मशीन पाइपापाशी आणा.

हवा शेवटी सोडायची कुठे?

इथे अमेरिकेचा सल्ला आपल्याला लागू होत नाही. तिथे हिवाळ्यात तापवलेली हवा बाहेर घालवणं परवडत नाही, म्हणून फिल्टर लावून ती पुन्हा खोलीत सोडतात. बदलापूरला कसलं तापवणं! खिडकी उघडीच असते. म्हणजे सायक्लोननंतरची हवा सरळ बाहेर सोडली तर उत्तम. फिल्टरचा खर्च नाही, अडथळा नाही. १६० च्या पाइपातून जाणारी हवा त्या खोलीतली सगळी हवा दीड मिनिटात बदलते. समोरच्या बाजूने ताजी हवा यायला वाट मात्र मोकळी हवी. आणि लागून असलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर सावध. खोलीतून जोरात हवा ओढली तर गिझरचा जळका वायू उलटा घरात येऊ शकतो. गिझर चालू असताना यंत्र बंद, हा नियम करा.

पण बाहेर म्हणजे कुठे? रो-हाऊसमध्ये आपलं बाहेर म्हणजे शेजाऱ्याची गॅलरी. तिथे कपडे वाळत असतात, पापड असतात, लहान मूल असतं. सायक्लोनमधून निसटलेली बारीकच धूळ तिकडे जाणार. आपल्या वडिलांची धूळ शेजारच्या आजींना द्यायची, हे काही उत्तर नाही. स्वतंत्र बंगला असेल, चारी बाजूंनी मोकळं असेल, तर छताच्या वर न्या. रो-हाऊस किंवा इमारत असेल तर घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर लावा, मोठ्या क्षेत्रफळाचा. कापडी पिशवी नको, ते मी भोगलंय.

आवाजाचंही तेच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५. ब्लोअर आणि टेबल सॉ मिळून त्याच्या खूप वर जातात. दुपारी दोन ते चार झोपेची वेळ, ती पाळा. नियमासाठी नाही, संबंधांसाठी.

वीज, पाऊस आणि खिळा

दोन एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण १० अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्याच वेळी टेबल सॉही तेवढेच घेणार. दोन्ही घरातल्या एकाच सॉकेटवर टाकू नका. स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी, चांगलं अर्थिंग, आणि महावितरणचा मंजूर भार किती आहे ते बिलावर बघून घ्या. हे काम वायरमनचं, यूट्यूबचं नाही.

पावसाळ्यात दमट धूळ फिल्टरच्या घड्यांत लगदा होऊन बसते. जूनआधी फिल्टर झटकून घ्या, उघड्या जागी, मास्क लावून. ड्रम महिनोन्महिने भरलेला ठेवला तर बुरशी धरते. आणि तळमजल्यावर असाल, नदीच्या बाजूला असाल, तर २६ जुलै २००५ आठवा आणि मोटर व स्विच उंचावर बसवा.

आता खिळा. आपल्यातले बरेच जण कारखान्यांतून निघालेल्या पॅलेटचं पाइन लाकूड वापरतात. स्वस्त, छान. पण त्यात मोडके खिळे असतात. पातं खिळ्याला लागलं, ठिणगी उडाली, ती थेट भुश्याच्या ड्रममध्ये. भुसा पेटत नाही, धुमसतो, तासन्‌तास. तुम्ही दिवे बंद करून झोपायला गेलात आणि वर वडील. म्हणून पॅलेटचं लाकूड कापलं असेल त्या दिवशी ड्रम रिकामा करून घराबाहेर ठेवायचा, झाकण लावलेल्या पत्र्याच्या डब्यात. आणि लोखंड ग्राइंड करताना हा पाइप कधीही जोडायचा नाही.

तर मग, श्रोत्यांना उत्तर

साहेब, तुमच्यासाठी मी हा क्रम लावेन.

सगळ्यात आधी मास्क. एन-९५ किंवा आयएस ९४७३ लिहिलेला, नाकाशी घट्ट बसणारा. रुमाल नव्हे. तो सायक्लोन आल्यावरही ठेवायचा.

दुसरं, झाडू बंद. झाडू बसलेली धूळ पुन्हा उठवतो. व्हॅक्यूमने ओढा, नाहीतर ओल्या फडक्याने पुसा.

तिसरं, सँडर आणि ट्रिमरसाठी चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम, मध्ये छोटा सायक्लोन. वडिलांच्या खोलीपर्यंत जाणारी धूळ मुख्यतः इथे थांबेल.

चौथं, टेबल सॉ आणि रंधा मशीनसाठी ११० मिलिमीटर पाइपाचा, २७५ व्यासाचा सायक्लोन, एक ते दीड एचपीचा ब्लोअर आणि कार्ट्रिज फिल्टर. एका वेळी एकच मशीन. टेबल सॉच्या पात्यावर, वरच्या बाजूलाही छोटी नळी घ्या, कारण खालून कितीही ओढलं तरी वरची धूळ तुमच्या तोंडावरच येते. दोन एचपी आणि १६० चा पाइप मोठी खोली झाल्यावर.

पाचवं, जिन्याचं दार. खालची खोली आणि जिना यांच्यात दार असेल तर त्याला रबरी पट्टी लावा, नसेल तर दार बसवा. काम संपल्यावर यंत्र आणखी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, कपडे खालीच झटकून बदला, मग वर जा. वडिलांच्या डॉक्टरांना सांगा की घरात सुतारकाम होतं. त्यांना ते माहीत असायला हवं.

आणि हे सगळं झालं की एका रात्री बॅटरी घेऊन जिन्यात उभे राहा. झोत वरच्या पायरीवर टाका. कण नाचताना दिसले, तर सँडिंगचं काम त्या घरात नको. अंगणात करा, हातरंधा वापरा, नाहीतर उल्हासनगरच्या एखाद्या कारखान्यात पैसे देऊन करून घ्या. मात्र तिथे जाल तेव्हा एक करा. जो मुलगा तुमचा टेबलटॉप घासणार आहे त्याच्या तोंडावर काय आहे ते बघा. आपण आठवड्याचे दोन दिवस या धुळीत असतो, तो सहा दिवस असतो. जाताना मास्कचं एक पाकीट घेऊन जा. सायक्लोनच्या खर्चात ते कुठे दिसणारही नाही.

पुढच्या भागात टेबल सॉच्या पात्याला वरून नळी कशी बसवायची ते बोलू. तुमच्या खोलीचं माप, छताची उंची आणि मशीनची यादी पाठवा, जमेल तेवढ्यांचा हिशेब करून सांगेन. तोवर, काळजी घ्या. भेटू.